मुकादमचे दात

८ जानेवारी

सूनबाई,

होय, सूनबाईच लिहिणार. घटस्फोटाच्या कागदावर सह्या तुम्ही दोघांनी केल्यात, मी कुठे केलीय? तुझं मागचं पत्र "आदरणीय बाई" असं सुरू झालेलं. मी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, म्हटलं वीज कंपनीकडून आलंय की काय. इतकी वर्षं या घरात "आई, माझी किल्ली पाहिलीत का, आई, दूध उतू गेलं" करत फिरलीस आणि आता मी आदरणीय! पुन्हा असं लिहिलंस तर पत्र न वाचता कापड आखायच्या खडूला गुंडाळून ठेवीन, सांगून ठेवते.

फोन करू का म्हणून विचारतेस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने जुळवते. त्यातून भांडणंच व्हायची. त्यापेक्षा पत्र बरं. तुझी पत्रं माझ्यासाठी नाही, मुकादमच्या चौकशीसाठी येतात, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. पण येतात ना. ती यायची थांबली तर या घरात पत्र म्हणून फक्त बिलं येतील.

तर मुकादमचं वर्तमान. तुझी घरमालकीण प्राणी ठेवू देत नाही म्हणून तू हा ससा माझ्याकडे ठेवून गेलीस, तेव्हा तो म्हातारा आहे असं कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. घरभर फिरून सगळ्यांच्या कामाची तपासणी करायचा, म्हणून तर तुझ्या नवऱ्याने, बरं बाई, माझ्या मुलाने, त्याचं नाव मुकादम ठेवलं. आता मात्र वय दिसायला लागलंय. दिवसभर कपाटाखाली बसतो. थंडी लागत असेल म्हणून मी त्याला उरलेल्या फ्लॅनेलची बंडी शिवली. पोटाखाली दोन बंद, पाठीवर शिवण. अशी बसली होती अंगावर की बघत राहावं. पण कापड काही खरं नाही. महिन्याभरात सैल पडलं. एकदा शिवण आत घेतली, पुन्हा सैल. परवा दुसऱ्यांदा घेतली. दुकानदाराला जाऊन सुनावणार आहे.

आणि रुसलाय. ताटलीपाशी लगबगीने येतो, हुंगतो, घास उचलतो आणि टाकून मागे सरतो. तुझी आठवण येत असणार. वाळलं गवत तर मी बंदच केलंय, या वयात त्याने काड्या कशाला चावायच्या? दुधात पाव कुस्करून देते, तो थोडा थोडा चाटतो. पाणी पिताना सांडतो, त्यामुळे हनुवटी सारखी ओली. त्याला एक लाळेरं शिवावं म्हणते.

तुझ्या कारखान्यातल्या कपबश्या कशा आहेत? जेवतेस का वेळेवर?

आई

---

१२ जानेवारी

ती. आई,

(तुमच्या हुकुमावरून.)

पत्र वाचलं आणि हातातला कप खाली ठेवला. आई, कापड सैल पडलेलं नाही. मुकादम वाळलाय.

ताबडतोब ती बंडी काढा आणि पाठीवरून हात फिरवा. मणके बोटांना टोचतात का बघा. दूध-पाव बंद. सशाला दूध पचत नाही, पाव तर नाहीच नाही. आणि गवत का बंद केलंत? मी जाताना सगळ्यात आधी तेच सांगितलं होतं, गवत, गवत आणि गवत. सशाचे दात आपल्यासारखे नसतात. जन्मभर वाढत राहतात. गवत चावून चावून ते झिजतात, म्हणून बेतात राहतात. मऊ खायला घातलं की झिजायचे थांबतात, वाढत राहतात, आणि मग तोंड मिटता येत नाही की घास चावता येत नाही. ओली हनुवटी म्हणजे पाणी सांडणं नव्हे, लाळ आहे ती. तो रुसलेला नाही, त्याला दुखतंय. भूक आहे म्हणूनच लगबगीने येतो ना!

पत्र पोचेपर्यंत थांबायला नको म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना फोन केलाय. त्या तुम्हाला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे जातील. नखं कापतात त्या नेलकटरने वगैरे घरी काही करू नका. लेंड्या बारीक झाल्यात का, कमी झाल्यात का, तेही बघून डॉक्टरांना सांगा. सशाचं पोट रिकामं राहिलं की आतडं थांबतं, आणि ते थांबलं की फार वेळ मिळत नाही.

मी चिडून लिहितेय असं वाटेल. घाबरलेय, म्हणून असं लिहिलं जातंय. तुम्हाला हे सगळं झेपत नसेल तर तसं सांगा, मी त्याची दुसरी काहीतरी सोय बघते.

इकडे मी दिवसभर कपांना टिचकी मारत असते. चांगला कप खणखणतो, चिरलेला बद्द वाजतो. आज दुपारपासून मला सगळेच बद्द ऐकू येतायत.

तुमची

---

१६ जानेवारी

सूनबाई,

मास्तरीणबाईंनी जिन्यावरूनच हाका मारल्या, त्यामुळे अर्ध्या इमारतीला कळलं की मुकादमचे दात वाढलेत. तशाच निघालो. मी त्याला भाजीच्या टोपलीत, खाली टॉवेल घालून नेलं. बंडी काढली तेव्हा माझाच जीव अर्धा झाला गं. केसांत काही कळत नाही, पण हात फिरवला तर पाठीची एकेक गाठ मोजून घ्यावी. मी चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली. कुणी दाराशी उभं राहिलं तरी मला कमर कळते. आणि घरातला जीव निम्मा झाला तर मी शिवण आत घेत बसले!

दवाखान्यात सगळी कुत्री. एक तर वासरापेक्षा मोठं, पण टोपलीत नुसतं नाक दिसलं तर मालकाच्या मागे लपलं. त्या मालकाने मला सांगितलं, "आजी, माझे काका सशाचे दात घरीच कटरने तोडायचे, एका मिनिटाचं काम." हे आतून डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि बाहेर येऊन त्याला असं झापलं की कुत्रं पुन्हा लपलं. म्हणाल्या, दात असा तोडला की उभा चिरतो, थेट मुळापर्यंत, आणि मग तिथे पू होतो.

डॉक्टरीणबाई वयाने तुझ्याएवढ्या असतील. त्यांनी मुकादमला टॉवेलात गुंडाळून घेतलं आणि पुढचे दात दाखवले. खालचे बाहेर आलेत आणि वरचे आत वळलेत, वाकलेल्या सुईसारखे. मग एक बारीक दिवा आत घालून दाढा पाहिल्या. मलाही बघायला लावलं. दाढांना आतल्या बाजूने टोकं आलीत. प्रत्येक घासाला जीभ कापली जात होती. पाव चाटत होता तो आवडत होता म्हणून नाही, दुसरं काही करताच येत नव्हतं म्हणून.

त्यांनी विचारलं, "आजी, वजन कधीपासून उतरतंय?" मी काय सांगणार? म्हटलं, "बंडी दोनदा आत घेतली." मला वाटलं हसतील. पण म्हणाल्या, "किती किती घेतली?" मी बोटांवर दाखवलं, त्यांनी ते लिहून घेतलं.

आता ऐक. दाढा घासायच्या तर भूल द्यावी लागेल. एरवी रोजचं काम आहे म्हणाल्या, पण याचं वय झालंय आणि अंगात काही उरलेलं नाही. भुलीतून उठेल असं त्या खात्रीने सांगत नाहीत. न करावं तर उपाशी मरेल, हे मात्र खात्रीने सांगतात. दोन-चार दिवस औषध देऊन आणि पातळ भरवून ताकद आणायची आणि मग करायचं. हो म्हणायचं का नाही ते तू ठरव. ससा तुझा आहे.

आणि दुसरी सोय बघायची असेल तर खुशाल बघ. मला झेपतं की नाही ते मी अजून कुणाला विचारायला गेलेली नाही.

आई

---

१९ जानेवारी

ती. आई,

करायचं. मी रात्रभर उलटसुलट विचार केला आणि शेवटी एवढंच उरलं, की भूक लागलेली असताना ताटलीपाशी येऊन परत जाणं त्याला आणखी एक दिवसही नको. काही झालं तर ते मी ठरवलेलं असेल. तुम्ही स्वतःला बोल लावायचा नाही.

मला यायचं होतं. साहेबांना विचारलं, पण या आठवड्यात मोठी भट्टी उघडतेय आणि माल तपासायला आम्ही दोघीच. रडू आलं मला तिथे, कपांच्या मांडणीमागे जाऊन रडले. तुम्ही तिथे एकट्या टोपली घेऊन बसणार आणि मी इथे टिचक्या मारणार.

डॉक्टरांना विचारून घ्या, पण सशाला भुलीआधी उपाशी ठेवत नाहीत. नंतर ऊब लागते. त्याला कान धरून उचलू देऊ नका कुणाला. त्याला डाव्या डोळ्याच्या वर, कपाळाकडे, बोटाने हळू घासलेलं आवडतं. दात करकरवतो मग, खुशीत. हल्ली करकरवतो का? की तेही दुखतं?

"दुसरी सोय" असं मी लिहायला नको होतं. तुम्हाला लागलं ते कळलं. मला म्हणायचं होतं की तुमच्यावर किती ओझं टाकू, आणि कागदावर उतरलं भलतंच.

या पानाच्या कोपऱ्यात शाई फिस्कटलीय त्याला माफी असावी. खालच्या मालकीणबाईंचं मांजर लिहिताना मांडीवर येऊन बसतं आणि पेनवर पंजा मारतं. ऐकतच नाही.

झाल्या झाल्या मास्तरीणबाईंकडून फोन करवा. काहीही असलं तरी करवा.

तुमची

---

२५ जानेवारी

सूनबाई,

फोनवर मास्तरीणबाईंनी "उठला" एवढंच सांगितलं असेल. त्यांना शाळेची घाई. सगळं मी लिहिते.

सकाळी नेला. डॉक्टरीणबाई त्याला घेऊन आत गेल्या आणि दार लागलं. मी हातात काहीतरी असावं म्हणून एका शर्टाची काजं घेऊन गेले होते. एकही काज धड झालं नाही, सगळी उसवावी लागली. समोरच्या भिंतीवर गाईच्या पोटाचं चित्र होतं, त्यातली चारही पोटं मला आता पाठ आहेत. मनात नको नको ते येत होतं. तुला काय लिहायचं, कसं लिहायचं, इथपर्यंत पोचले होते मी.

मग त्या बाहेर आल्या, मास्क खाली केला आणि म्हणाल्या, "आजी, तुमच्या मुकादमांनी डोळे उघडलेत." माझा जीव भांड्यात पडला. आत गेले तर गरम पाण्याच्या पिशवीला टेकून बसलेला, कान दोन दिशांना, दारू प्यायल्यासारखा. मला बघून उठायला गेला आणि नाकावर पडला. मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम. डॉक्टरीणबाईंनी मला खुर्ची दिली.

पहिले दोन दिवस काही खाल्लं नाही. गवताच्या पिठाची पेज करून बिनसुईच्या सिरिंजने गालातून भरवायची. माझ्या ब्लाउजवर, चष्म्यावर, मशीनवर, सगळीकडे हिरवी पेज. तो थुंकायचा, मी शिव्या द्यायची, पुन्हा भरवायची. काल दुपारी मी मशीनवर बसले होते. एक बारीक आवाज यायला लागला. मला मशीनचाच वाटला, म्हणून पाय थांबवला. तरी येतोय. खाली वाकून पाहिलं तर मुकादम गवताची एक लांब काडी तोंडात घेऊन आत ओढतोय, खुट खुट खुट, काडी आखूड होत होत नाहीशी झाली. मग दुसरी घेतली. मी कामाला हातच लावला नाही नंतर, तसाच तो आवाज ऐकत राहिले. या कानांना तो ऐकू आला बघ.

आता दुसरं. मांजर कुठून आलं?

तुझी घरमालकीण प्राणी ठेवू देत नाही ना? हेच सांगून ससा माझ्याकडे ठेवलास. आणि तीच बाई स्वतः मांजर पाळते आणि ते तुझ्या मांडीवर बसतं? मांजर चालतं आणि ससा चालत नाही, असा कुठला नियम? मी म्हातारी आहे, बहिरी आहे, पण वाचता येतं मला. तुला तो नको होता तर सरळ म्हणायचं होतंस. इथलं काहीच नको होतं, हेही म्हणायचं होतंस. मी काही अडवणार नव्हते.

आई

---

७ फेब्रुवारी

सूनबाई,

इतके दिवस झाले, उत्तर नाही. मास्तरीणबाई म्हणतात फोन लावून देऊ का. मी नको म्हटलं.

मुकादम गवत खातो. गोठेवाल्याकडून चांगलं वाळलेलं आणते, आधी स्वतः हुंगून बघते. काल त्याने माझी टेप कुरतडली, म्हणजे तब्येत सुधारतेय. बंडीची पाठीची शिवण मी उसवून ठेवलीय. घालणार नाही, पण उसवली.

मांजराचं मी जरा जास्तच लिहिलं. पण का लिहिलं ते तुला कळायला हवं.

आई

---

१० फेब्रुवारी

ती. आई,

उत्तर चार वेळा लिहिलं. दर वेळी पहिल्या ओळीतच मी खोटं बोलायला लागले, म्हणून फाडलं.

पहिली खोली घेतली तिथे प्राणी खरंच चालत नव्हते. पण पावसाळ्यानंतर मी जागा बदलली. पत्ता बदलला तेव्हा तुम्हाला वाटलं असेल गल्ली बदलली. या मालकीणबाईंना काहीही चालतं. मांजर आहे, पोपट आहे, मागच्या भाडेकरूचं कासवसुद्धा अजून अंगणात फिरतंय. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, ससा आहे तर घेऊन ये की. मी हो म्हटलं आणि तुम्हाला कळवलं नाही.

आई, मुकादमला इकडे आणलं असतं तर मी तुम्हाला पत्र कशाबद्दल लिहिलं असतं? तुमच्याकडे आले असते तर दार वाजवून काय सांगितलं असतं, कोण आलंय म्हणून? तुमच्या मुलाचं आणि माझं जमलं नाही, ते आमचं आम्ही निस्तरलं, भांडलोही नाही फारसं. पण तुमच्याशी माझं काहीच बिघडलं नव्हतं. ते सांगायला कुठे जागाच नव्हती. वकिलांनी भांड्यांचं विचारलं, कपाटाचं विचारलं, तुमचं कुणी विचारलं नाही. सगळं संपल्यावर माझं म्हणून तुमच्या घरात एक म्हातारा ससा राहिला. तो तिथे आहे तोवर मी विचारू शकते, कसं चाललंय.

"आदरणीय बाई" लिहिलं तेही त्याचमुळे. आई म्हणायचा हक्क गेला असं वाटलं. स्वतःहून म्हणायला भीती वाटत होती.

आता तो बरा झालाय तर तुम्ही म्हणाल तसं करते. घेऊन जायला सांगितलंत तर घेऊन जाते.

तुमची

---

१४ फेब्रुवारी

सूनबाई,

वेडी ती वेडी.

मी तुझं पत्र मास्तरीणबाईंना वाचून दाखवणार होते, पण दुसऱ्या परिच्छेदाशीच घडी घालून मशीनच्या खणात ठेवलं. त्या बिचाऱ्या चहा घेऊन निघून गेल्या.

आता माझं ऐक. त्याची हनुवटी ओली आहे हे मी जानेवारीत पहिल्यांदा पाहिलं असं नाही. दिवाणाखाली सांडलेलं, अर्धवट चावून टाकलेलं गवत मी नोव्हेंबरातच झाडून काढत होते. काहीतरी बिनसलंय हे कळत होतं. पण तसं लिहिलं की तू म्हणशील, आईंना जमत नाही, आणि येऊन त्याला घेऊन जाशील. तो गेला की तू गेलीस. म्हणून मी दर पत्रात "मुकादम मजेत" लिहीत गेले, आणि गवत टाकतो ना, मग मऊ देऊ, तेवढंच पोटात जाईल, असं करत बसले. मी लपवलं नसतं तर त्याची जीभ एवढी कापली गेली नसती. हे मला आता मरेपर्यंत सलणार आहे.

बघ, आपण दोघी कशा शहाण्या. तू तिकडे गप्प, मी इकडे गप्प, आणि मधल्यामध्ये त्या बिचाऱ्याचे दात वाढले.

न्यायचं नाव काढू नकोस. त्याला आता प्रवास नको आणि मला आता एकटीने राहणं नको. डॉक्टरीणबाई म्हणतात, दाढांना एकदा वळण लागलं की सरळ होत नाहीत. दोन-दोन महिन्यांनी तपासून घासाव्या लागतील, तो आहे तोवर. त्या वेळी धरायला कुणीतरी हवं, माझे हात कापतात. शनिवारचा दिवस घेतलाय मार्चमध्ये. तू ये. आदल्या रात्रीच ये. शिवणाच्या खोलीतला दिवाण मी मोकळा केलाय. टाचण्या सगळ्या वेचल्यात, तरी चादर झटकून घे.

माझ्या मुलाला कळवलं मी. म्हटलं, ती येणार आहे, तुला काही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण. तो म्हणाला, "तिला सांग, तो उजव्या बाजूने धरला की शांत बसतो." एवढंच. वाईट नाही गं तो. तुझ्या जोडीला नव्हता, एवढंच.

आई

---

२ एप्रिल

ती. आई,

पोचले. गाडीत माझ्या स्वेटरवरचे केस बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, घरी ससा आहे वाटतं. मी हो म्हटलं.

दवाखान्यात त्या मोठ्या कुत्र्याच्या मालकाने विचारलं, "आजी, ही कोण?" आणि तुम्ही "आमची आहे" म्हणून पुढे सरकलात, मी टोपली घेऊन मागे. तुम्हाला ते आठवतही नसेल. मी मात्र आठवडाभर तेच आठवत कप वाजवतेय.

भूल या वेळी हलकी पुरली, हे चांगलं झालं ना? उजव्या बाजूने धरलं की तो खरंच शांत बसतो. माझ्या बोटाला त्याने चावलं ते दाखवून मी कारखान्यात भाव खाल्ला. मे अखेरच्या शनिवारची रजा आत्ताच टाकलीय. गवत मी इकडून आणीन, इथे चांगलं हिरवट मिळतं.

तुमची

---

१८ ऑगस्ट

सूनबाई,

तू गेल्या खेपेला म्हणालीस की त्याचा डोळा जरा जास्त पाणावतोय. तुझी नजर बरोबर होती. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आतला. दातांची मुळं वर डोळ्याकडे निघालीत. त्यावर आता काही करण्यासारखं नाही, आणि भूलही पुन्हा देऊ नये असं त्यांचं मत. दुखण्यावर औषध दिलंय, गोड आहे, सिरिंज बघून धावत येतो. खातो अजून, सावकाश. गवताची कोवळी टोकं कापून देते मी, माझ्या मोठ्या कात्रीने, बारीक बारीक. कापडाला सोडून दुसऱ्या कशाला ती कात्री लावली तर मी हात मोडीन, असं सगळ्यांना सांगत आले होते.

घाबरू नकोस. आपण मागच्यासारखं गप्प राहायचं नाही ठरवलंय, म्हणून जसं आहे तसं लिहिलं.

आई

---

२४ सप्टेंबर

बाळ,

मुकादम काल गेला.

मास्तरीणबाईंकडून फोन करवणार होते, पण हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्यापर्यंत जाऊ नये असं वाटलं. तीन-चार दिवस उशिरा कळेल, त्याबद्दल रागावू नकोस. सकाळी त्याने औषध घेतलं, कोथिंबिरीचं एक पान खाल्लं, देठ ठेवला. मग मी मशीनवर बसले तेव्हा पायाशी येऊन माझ्या पावलावर हनुवटी टेकून बसला. कोरडी होती हनुवटी. मी मशीन चालवलंच नाही, पाय हलला असता. डाव्या डोळ्याच्या वर बोटाने घासत राहिले. करकर करत होता जरा वेळ, मग थांबला. मला वाटलं झोपला. दुखलं नाही त्याला, हे मी तुला शपथेवर सांगते.

मागच्या अंगणात, भिंतीलगत ठेवला. मास्तरीणबाईंनी फावडं मारलं, साडी खोचून. त्या रडल्या माझ्यापेक्षा जास्त.

दुपारी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन या शनिवारची वेळ रद्द करून आले. घरी येऊन तुला लिहायला बसले. दर दोन महिन्यांनी तू यायचीस ते त्याला धरायला. आता काय सांगून तुला बोलवायचं? खूप शोधलं. आधी लिहिलं, उरलेलं गवत घेऊन जा. मग लिहिलं, तुझ्यासाठी एक ड्रेस बेततेय, अंगावर बघायला ये. तो बेतलेला नाही. मग लिहिलं, माझा गुडघा दुखतो. तो दुखतो, पण तेवढा नाही. तिन्ही कागद चुलीत घातले.

काहीही काम नाहीये गं. शनिवारी ये. गाडीला उशीर झाला तरी मी जेवायची थांबते.

आई